ती सदर, ते सदर आणि तो सदरा

किल्ल्यावरची ‘सदर’ स्त्रीलिंगी. वर्तमानपत्रातले ‘सदर’ नपुंसकलिंगी. अंगात घालायचा ‘सदरा’ पुल्लिंगी. मराठीच्या तिन्ही लिंगांत वाटले गेलेले हे तीन शब्द एकाच घरचे आहेत, आणि त्या घराचे नाव आहे छाती.

या धाग्यात तो सदरा उलगडायचा आहे. त्यासाठी बगदाद किंवा विजापूर येथून आरंभ करण्याऐवजी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले गाठणे सोयीचे, कारण या गावाभोवतीच्या काही कोसांत या शब्दाच्या इतिहासाचे बहुतेक टप्पे सापडतात.

जोग नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तरेस आंजर्ले वसलेले आहे. पलीकडे पाजपंढरी आणि हर्णै. पूल होण्यापूर्वी तरीतून खाडी ओलांडावी लागे. कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवरून पाहिले की समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. दक्षिणेस, याच तालुक्याच्या टोकाला, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. एके काळी अरबस्तानाची आणि इराणची जहाजे तेथे लागत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १५ व्या शतकात हिंदुस्थान हिंडला आणि परतीचे जहाज त्याने दाभोळलाच पकडले. अरबस्तान आणि खुरासानचे घोडे या बंदरात उतरत असल्याची नोंद त्याने केली आहे.

घोडे उतरत, तसे शब्दही उतरत. मात्र सदरा जहाजातून उतरला, असे मानण्याची घाई करू नये.

आधी शब्दाची जात पाहू. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती, ऊर. छाती हा शरीराचा पुढचा भाग, म्हणून ‘सद्र’ म्हणजे कोणत्याही वस्तूची पुढची, दर्शनी बाजू. जे पुढे ते वरचे, जे वरचे ते मानाचे, म्हणून ‘सद्र’ म्हणजे बैठकीतील श्रेष्ठाचे स्थान आणि त्या स्थानावर बसणारा माणूसही. मराठी वाचकाला ही वाट परकी वाटू नये. आपल्याकडे मुखापासून ‘मुख्य’ झाला आणि शीर्षापासून ‘शीर्षक’. अरबांनी मानाचे पान छातीला दिले, इतकाच फरक.

हा मान पुढे फार लांबवर गेला. उस्मानी तुर्कांचा मुख्य वजीर ‘सद्र-ए-आझम’. मोगलांच्या दरबारी धर्मादाय आणि इनामजमिनींचे खाते पाहणारा अधिकारी ‘सद्र-उस्-सुदूर’. जम्मू-काश्मीरच्या राज्यप्रमुखाचे पद १९६५ पर्यंत ‘सद्र-ए-रियासत’ या नावाने ओळखले जात होते.

मराठीच्या तोंडी आल्यावर ‘सद्र’चा ‘सदर’ झाला. हा बदल नियमाला धरून आहे. शब्दाच्या अखेरीस जोडाक्षर आले की मराठी जीभ त्यात एक स्वर घालून ते सैल करते. हुक्मचा हुकूम, जुल्मचा जुलूम, फिक्रची फिकीर, उम्रची उमर, कब्रची कबर. त्याच रांगेत सद्रची सदर.

किल्ल्यावर किंवा वाड्यात कारभारी बसतो, तंटे ऐकतो, हुकूम देतो, ती सदर. राजगडाच्या पद्मावती माचीवर ती आहे, रायगडावर राजसदर आहे. इंग्रजी अमलात मुख्य न्यायालय ‘सदर अदालत’ झाले आणि मुंबईची सदर अदालत १८६२ मध्ये हायकोर्टात विलीन होईपर्यंत ते नाव टिकले. लष्करी छावणीतील मुख्य पेठ तो ‘सदर बाजार’. साताऱ्यात आणि जालन्यात तो आजही पत्त्यात लिहिला जातो.

कागदावरही हीच कथा घडली. कागदाचा माथा म्हणजे त्याची छाती. माथ्याशी, वर, आधी उल्लेखलेला तो ‘सदर’ इसम किंवा ‘सदरहू’ मिळकत. जमाखर्चाच्या वहीत वर मथळा घालून त्याखाली रकमा मांडतात, म्हणून खर्च अमुक ‘सदराखाली’ पडतो. वृत्तपत्रात ठरावीक मथळ्याखाली नेमाने येणारा मजकूर तेही सदर. वर्तमानपत्रात सदर लिहिणारा आणि तहसील कचेरीत ‘सदर अर्जदार’ लिहिणारा कारकून हे दोघेही नकळत एका अरबी छातीवर लेखणी टेकवून असतात.

आता सदरा. अरबीत छाती झाकणाऱ्या कपड्याला याच धातूपासून ‘सुद्रा’, ‘सदरिय्या’ अशी नावे आहेत. अशा कपड्याला बाह्या असल्याच पाहिजेत असे नाही. छातीपाठ झाकली की काम झाले. उत्तर हिंदुस्थानात आजही ‘सदरी’ म्हणतात ती बिनबाह्यांची बंडीच. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला बाह्या फुटल्या, घेर आला, लांबी आली. जुन्या मराठी सदऱ्याची ओळख अशी सांगता येईल : गळ्यातून घालायचा, पुढून अर्ध्यावरच उघडा, सैल आणि गुडघ्याच्या वर थांबणारा.

पारशी समाजात नवजोत झाल्यावर अंगात घालतात त्या पांढऱ्या पातळ सुती वस्त्राला ‘सुद्रेह’ किंवा ‘सदरो’ म्हणतात. मराठी कानाला तो सदराच ऐकू येतो. धर्मपरंपरेत त्याचा अर्थ ‘हिताचा मार्ग’ असा उलगडून सांगतात. पण अरबांपूर्वीच्या पहलवी ग्रंथांत या वस्त्राचे नाव ‘शबीग’ असे येते. म्हणजे वस्त्र प्राचीन आणि सध्याचे नाव नंतरचे. त्याच्या गळ्याशी एक चिमुकला खिसा असतो. त्याला ‘गिरेबान’ म्हणतात आणि त्यात पैसे नव्हे, पुण्य साठवायचे असते. हिंदीत ‘आपल्या गिरेबानात डोकावणे’ म्हणजे आत्मपरीक्षण करणे. पारशांचा खिसा आणि हिंदीचा वाक्प्रचार दोन्ही छातीच्याच परिसरात वावरतात.

हा शब्द कोकणात कसा आला, याचे सोपे उत्तर दाभोळचे अरब खलाशी असे देता येईल. ते आकर्षक आहे, पण अपुरे आहे. मराठीत रुळलेले बहुसंख्य अरबी शब्द फारसीच्या खांद्यावर बसून आले आहेत. १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली आणि दख्खनच्या दरबाराची भाषा फारसी झाली. पुढे आदिलशाहीत दाभोळ हे सुभ्याचे ठाणे होते. खोत, देशमुख, कुलकर्णी यांना त्या ठाण्याशी व्यवहार करावा लागे आणि व्यवहाराच्या कागदातून शब्द घरी येत. इब्राहिम आदिलशहाच्या काळात महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्यास आरंभ झाला. या निर्णयाने मराठी कारकुनांची संख्या वाढली, आणि गंमत अशी की मराठीतील फारसी शब्दांचीही वाढली, कारण हिशेब मराठीत आले तरी त्यांची परिभाषा जुनीच राहिली.

येथे एक आवडता गैरसमज दूर केला पाहिजे. शब्द अरबी म्हणून शिवलेला कपडाच परका, अशी मांडणी वारंवार वाचायला मिळते : हिंदुस्थानात फक्त गुंडाळायची आणि नेसायची वस्त्रे होती, सुई-दोरा मुसलमानी सत्तेबरोबर आला. याला मराठीतच एक भक्कम उत्तर आहे. संत नामदेव जातीने शिंपी. त्यांचा जन्म १२७० चा, म्हणजे बहमनी राज्याच्या स्थापनेपूर्वी तब्बल ७७ वर्षांचा. शिवणाऱ्यांची एक स्थिरावलेली जात तेव्हा मराठी मुलखात होती. शिवणकाम नसते तर शिंपी कुठून येणार?

त्याहून मागे जायचे तर अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रांत बाह्यांचे शिवलेले अंगरखे स्पष्ट दिसतात. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त राजांच्या पोशाखाचे वर्णन करताना कंचुक, वारबाण, चीनचोलक आणि कूर्पासक अशी शिवलेल्या वस्त्रांची नावे येतात. यांतील कूर्पासक जरा थांबून पाहण्याजोगा आहे. संस्कृतात ‘कूर्पर’ म्हणजे कोपर. कूर्पराचाच मराठीत ‘कोपर’ झाला आणि कोपरापर्यंत बाही असलेल्या आखूड अंगवस्त्राला मराठी माणूस ‘कोपरी’ म्हणू लागला. शतके लोटली, शिवण बदलली, पण कोपर काही कपड्याच्या नावातून सुटला नाही.

मग एक नियमच हाती लागतो. अंगात घालायच्या कपड्यांची नावे पुष्कळदा अवयवावरून पडतात. कोपरी कोपरावरून, सदरा छातीवरून, अंगरखा अंगावरून. पायजमा हा फारसी ‘पाय’ आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र यांचा समास. त्यातला पाय मराठी नव्हे, परंतु तो संस्कृत ‘पादा’चा भाऊबंदच असल्याने मराठी माणसाला तो कधी परका वाटलाच नाही. याच नियमाची सर्वांत मजेदार उलटापालट आंजर्ल्याच्या शेजारी, कोळ्यांच्या वस्तीत दिसते. फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारे. तोंड पुसायचे ते ‘रुमाल’. कोळी मात्र कमरेला गुंडाळतो त्या वस्त्राला रुमाल म्हणतो आणि तो नेसून होडी लोटतो. चेहऱ्यावरचा शब्द कमरेला बांधून समुद्रात नेण्याचे धाडस कोणत्याही व्याकरणकाराला सुचले नसते.

शिवलेला कपडा प्राचीन होता याचा अर्थ तो सर्वांच्या अंगावर होता असा नाही. किनाऱ्यावरचे दमट हवामान, भातशेतीचा चिखल, मासेमारी आणि दारिद्र्य या सर्वांनी मिळून कोकणी माणसाला कमीत कमी कपड्यांची सवय लावली होती. लंगोटी, पंचा, थंडीपावसात कांबळे किंवा इरले. बऱ्यापैकी घरात धोतर आणि खांद्यावर उपरणे. शिवाय धर्माचारातही न शिवलेल्या वस्त्राचाच मान मोठा. सोवळे म्हणजे धाबळी किंवा रेशमी मुकटा, आणि दोन्ही अखंड. सोवळ्यातल्या पूजेला बसायचे तर अंगातला सदरा उतरवून ठेवायचा. त्यामुळे सदऱ्याचे स्थान चमत्कारिक झाले. सरकारदरबारी गेल्यावर तो अंगात हवा आणि देवापुढे नको.

सदऱ्याला लवकरच एक प्रतिस्पर्धी भेटला : खमीस.

खमिसाची कुळकथा सदऱ्यापेक्षाही लांबची आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती पंडित जेरोम याने एका पत्रात सैनिक अंगाला घट्ट बसणारे तागाचे वस्त्र घालतात असे लिहिले आणि त्या वस्त्राला ‘कामिसिया’ म्हटले. बोलीभाषेतला शब्द वापरतो आहे याची त्याला जाणीव होती. हा रांगडा शब्द पुढे दोन दिशांना गेला. पूर्वेकडे अरबीत तो ‘कमीस’ झाला. कुराणातील युसुफाच्या कथेत तो सदराच तीनदा महत्त्वाचा ठरतो : आधी भावांनी खोटे रक्त लावलेला, मग पाठीमागून फाटल्यामुळे निर्दोषत्वाचा पुरावा झालेला आणि शेवटी आंधळ्या पित्याच्या चेहऱ्यावर टाकताच त्याला दृष्टी देणारा. पश्चिमेकडे तोच शब्द पोर्तुगीजांत ‘कामिझा’ झाला.

आणि मग दोन्ही भावंडे कोकणात येऊन भेटली. एक फारसी दरबारातून, दुसरे गोवा, चौल, वसईच्या पोर्तुगीज ठाण्यांतून. पोर्तुगीजांची या किनाऱ्याशी पहिली ओळख काही कपड्यालत्त्याची नव्हती. १५०८ च्या अखेरीस आल्मेदाच्या आरमाराने दाभोळ जाळले. तरी शतकाभरात त्यांचे शब्द बाजारात फिरू लागले. गोव्याच्या कोकणीत शर्टाला ‘खोमीस’ म्हणतात, मराठीत ‘खमीस’. अरबी आणि पोर्तुगीज उच्चार इतके जवळचे होते की ऐकणाऱ्याला दोन शब्द आहेत असे वाटण्याचे कारणच नव्हते.

पोर्तुगीजांची खरी छाप कपड्याच्या नावापेक्षा त्याच्या बांधणीवर आहे. जुनी मराठी वस्त्रे बंदांनी बांधली जात. बाराबंदीचे नावच तिच्या बंदांवरून पडले. गुंडी आणि फास हीही जुनी रीत. पण कापडाला भोक पाडून, त्याच्या कडा दोऱ्याने विणून त्यात बटण अडकवण्याची सोय आली आणि तिला नाव मिळाले ‘काज’. हा पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर. बटणाचे घर. पोर्तुगीज ‘बोतांव’पासून मराठीत ‘बुताव’ आला होता. पुढे इंग्रजी ‘बटण’ आले आणि बुताव मागे पडला. आज शिंप्याच्या दुकानात ‘काज-बटण’ असे एका दमात म्हटले जाते तेव्हा पोर्तुगीज घरात इंग्रज भाडेकरू राहत असतो. ‘फीत’ हीदेखील पोर्तुगीजांचीच देणगी.

इतक्या सरमिसळीकडे पाहून कोणालाही प्रश्न पडेल की हे शब्द चाळून काढण्याचा कोणी प्रयत्न केला नाही काय? केला, आणि दोनदा मोठ्या निष्ठेने केला.

पहिला प्रयत्न शिवछत्रपतींच्या काळचा. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविण्यात आला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून दाखवून दिले की १७ व्या शतकाच्या पूर्वार्धातील दरबारी कागदांत फारसी शब्दांचे पारडे जड होते आणि १८ व्या शतकापर्यंत ते फार हलके झाले. राजाज्ञेने भाषेला वळण लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे. तरीही ‘पेशवा’ परतला आणि पुण्याच्या तख्ताचे नावच होऊन बसला. किल्ल्याची सदर सदरच राहिली.

दुसरा प्रयत्न रत्नागिरीतूनच झाला. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी याच वर्षांत जोमाने चालवली. तारखेऐवजी दिनांक, मेयरऐवजी महापौर असे कितीतरी शब्द या चळवळीने रूढ केले. तिला एक अनपेक्षित अनुयायी लाभला. कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक. गझल आणि रुबाई मराठीत आणणारे हेच, आणि १९२५ चा ‘फारसी-मराठी कोश’ही यांचाच. पुढे हेच पटवर्धन भाषाशुद्धीचे खंदे समर्थक झाले आणि त्यांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. परका शब्द नेमका कोणता, हे ज्याला सर्वांत अधिक ठाऊक होते त्यानेच तो गाळायला घेतला, ही मराठी वाङ्मयेतिहासातील एक विलक्षण घटना म्हणावी लागेल.

दोन्ही प्रयत्नांचे यश कागदावर दिसते. अंगावर ते दिसत नाही. पगडी, पायजमा, सदरा, कुडते, शाल यांपैकी काहीही हटले नाही. कारण उघड आहे. कारकुनाला नवा शब्द लिहिण्याचा हुकूम देता येतो. शिंप्याकडे माप द्यायला गेलेल्या माणसाला त्या क्षणी शब्दाचा विचार नसतो, कापड पुरेल की नाही याचा असतो.

आणि कापड पुरत नसे, हा कोकणच्या सदऱ्याचा खरा इतिहास आहे.

१८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी जिल्हा त्यांना हात पुरवू लागला. हर्णैला थांबणाऱ्या आगबोटीने माणसे मुंबईला जात आणि गणपतीला, शिमग्याला परत येत. त्यांना गावाने ‘चाकरमानी’ म्हटले. त्यातला ‘चाकर’ फारसीच. ज्या गिरणीत दिवसभर कापड विणले, त्या कापडाचा सदरा घरच्यांसाठी न्यायला वर्षभर पैसे साठवावे लागत. शिवलेला कपडा त्या काळी किती मोलाचा होता हे याच तालुक्यातील पालगडच्या साने गुरुजींनी सांगून ठेवले आहे. ‘श्यामची आई’त दापोलीला शिकणारा श्याम खाऊच्या पैशांतून बचत करतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून घरी नेतो. आज वाचताना तो प्रसंग भावाच्या प्रेमाचा वाटतो, आणि तो आहेच. पण ज्या घरात एक नवा कोट ही घटना ठरते त्या घराची आर्थिक स्थितीही तो सांगतो.

दारिद्र्याखेरीज दुसरी एक अट होती : जात. कोणी काय ल्यावे, कोणी कसे नेसावे, कोणत्या धातूचे दागिने घालावेत हे गावगाडा ठरवत असे. या चौकटीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग दापोलीच्या छावणीतून गेला. गावाला ‘कॅम्प दापोली’ हे नाव ज्या इंग्रजी लष्करामुळे पडले, त्या लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पलटणीत गेलेल्याला शिवलेला, बटणांचा गणवेश मिळे आणि तो देताना त्याची जात आड येत नसे. निवृत्तीनंतर असे अनेक शिपाई दापोलीत स्थायिक झाले. गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच एक. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ दापोलीत राहिले, आणि धाकट्या भीमरावाच्या बालपणाचा काही भाग तेथे गेला.

त्याच भीमरावांनी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांच्या सभेत भाषण केले. जात ओळखू येईल अशी नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड, हलक्या धातूचे दागिने टाकून द्या, इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. कपडे जुने असले तरी चालतील, स्वच्छ असावेत, हेही सांगितले. सभेला आलेल्या स्त्रियांनी दुसऱ्याच दिवशी तसा बदल केला. सावरकर रत्नागिरीत शब्द बदलत होते त्याच वर्षांत, काही कोसांवर, नेसणे बदलत होते.

सदऱ्याची मराठीतली सर्वांत गाजलेली कथाही अभावाचीच आहे. राजा दुःखी होतो. वैद्य सांगतात की सुखी माणसाचा सदरा अंगात घातला की बरे वाटेल. शिपाई राज्यभर हिंडतात. शेवटी एक माणूस सापडतो, खरोखरच सुखी. आणि त्याच्या अंगात सदराच नसतो. ‘सुखी माणसाचा सदरा’ हा वाक्प्रचार मराठीत इतका मुरला आहे की कथा अस्सल देशी वाटावी. प्रत्यक्षात ती जगभर भटकलेली लोककथा आहे. इतालो काल्विनो यांनी १९५६ मध्ये इटालियन लोककथांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्यातही ती आहे. तेथे सदऱ्याला ‘कामीचा’ म्हटले आहे, म्हणजे जेरोमचा तोच कामिसिया, खमिसाचा सख्खा भाऊ.

कथेबद्दल एक शंका मात्र घ्यावीशी वाटते. ज्यांच्या अंगात सदरा होता अशांनीच ती मिटक्या मारीत सांगितली असावी. भर पावसात, कांबळ्याच्या खोळीखाली उघड्या अंगाने लावणी करणाऱ्याला सदरा नसण्यातले सुख कोणी विचारले होते काय?

शेवटचा पाहुणा शर्ट. जुन्या इंग्रजीत ‘शुर्ते’ म्हणजे आखूड कापलेले वस्त्र. इंग्रजीतील ‘शॉर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हे दोन्ही त्याचेच भाऊबंद. आंजर्ल्याला लागून असलेल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, तेव्हा शर्ट ही शिकलेल्या वर्गाची खूण होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो सर्वांचा झाला. पुढून पूर्ण उघडणारा, कॉलरचा, डाव्या छातीवर खिसा असलेला. खिसा छातीवरच राहिला, पण छातीवरून नाव पडलेला कपडा मागे सरला.

कपड्यांचे शब्द इथून बाहेरही गेले. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रज व्यापारी ‘डंगरी’ म्हणत. खलाशांचे आणि कामगारांचे कपडे त्याचे होत. आज त्याच नावाची निळी विजार अमेरिकेतून फिरून मुंबईच्या दुकानांत परत आली आहे आणि डोंगरीचे नाव तिच्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. ‘झब्बा’ हा अरबी ‘जुब्बा’. हाच जुब्बा फ्रान्सला पोहोचला आणि ‘ज्यूप’ झाला, म्हणजे बायकांचा घागरा. एकाच शब्दाने पुण्यात पुरुषाचा खांदा पकडला आणि पॅरिसमध्ये स्त्रीची कंबर.

सदरा संपला नाही, त्याने पायरी बदलली. रोजच्या वापरातून तो शर्टाने हुसकला आणि लग्नाच्या बस्त्यात जाऊन बसला. आता दुकानदार ‘सदरा’ म्हणून दाखवतो तो रेशमी, भरतकामाचा, मुलाच्या साखरपुड्याला घेतला जाणारा. खेड्यातले काही म्हातारे अजून साध्या पांढऱ्या सुती कापडाचा, गळ्यातून घालायचा सदरा शिवून घेतात. त्यांचा शिंपी मापे घेताना पहिला आकडा छातीचा लिहितो.